ज्याने "आत्ता नको" म्हटलं, त्याच्याकडे लेकीला पाठवलं

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये नेहा ठाकूरला शिडाच्या होडीच्या शर्यतीत रौप्यपदक मिळालं. मुलींचा आयएलसीए ४ हा वर्ग, म्हणजे एकटीने चालवायची छोटी होडी. नेहा मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शिकली भोपाळच्या तलावात. माझ्या लेकीने ही बातमी पाहिली आणि जेवता जेवता विचारलं, "आई, त्यांच्याकडे तर समुद्रच नाही. आपल्याकडे आहे. मग तुला का येत नाही यातलं काही?"

आपल्याकडे म्हणजे माझ्या माहेरी, मालवण तालुक्यात, आचऱ्याजवळ. घरापासून समुद्र दोन किलोमीटर. पावसाळ्यात रात्री अंथरुणात गाज ऐकू यायची. माझा भाऊ विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकला, आम्ही बहिणी त्याच विहिरीच्या काठावर कपडे धूत बसायचो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची असली की गुडघाभर पाण्यात जाऊन दोर धरायला मिळायचा, पण त्याच्या पुढे मुलींनी जायचं नाही. आज मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि मला पोहता येत नाही. लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. मी तिला म्हटलं, तू शिक, मी बघते कुठे शिकवतात ते.

ते बघण्यात आठ महिने गेले. गेल्या वर्षभरात सोसायटीतल्या आणि ऑफिसमधल्या इतक्या आयांनी मला याबद्दल विचारलंय की एकदा सगळं लिहून काढते.

आधी भीतीबद्दल. पुण्यात राहणाऱ्या आईबापांना १ फेब्रुवारी २०१६ ही तारीख विसरता येत नाही. मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेले पुण्याचे १४ विद्यार्थी त्या दिवशी बुडाले. मे २०२२ मध्ये आमच्याच तारकर्लीला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली डुबकी, करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. या दोन्ही वेळी कुणाचाही जीव पाण्याखाली डुबकी मारताना गेला नव्हता. एके ठिकाणी किनारा, दुसऱ्या ठिकाणी परतीची बोट. त्यामुळे मी चौकशी करताना पाण्याखालच्या गोष्टींइतकेच प्रश्न बोटीबद्दल विचारले. लाइफ जॅकेट बोटीत ठेवलेलं असतं की अंगात असतं? किनारा सोडल्यापासून परत पाय टेकेपर्यंत?

जानेवारीत पहिली जाहिरात आली. पाच दिवस, सेलिंग, स्कूबा, कयाकिंग, बनाना राइड, कॅम्पफायर, १८,५०० रुपये, मे महिन्याचा शेवटचा आठवडा. वेळापत्रक सुबक छापलेलं होतं: रोज सकाळी १० ते १२ सेलिंग, दुपारी ३ ते ५ स्कूबा. मी फोन केला. एका शिक्षकामागे किती मुलं? "मॅडम, काळजी करू नका, आपली पोरं एक्सपर्ट आहेत." वैद्यकीय फॉर्म? "मुलगी फिट आहे ना? मग झालं." प्रमाणपत्र कुणाचं? "आपलंच." मी आभार मानून फोन ठेवला.

खरं तर ते वेळापत्रक पाहूनच मला शंका यायला हवी होती, कारण कोकणातल्या समुद्राचा दिवस बरोबर उलटा चालतो. सकाळी पाणी त्यातल्या त्यात शांत असतं. ऊन चढलं, जमीन तापली की दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. शिडाच्या होडीला तोच वारा हवा असतो. पण तोच वारा पाणी ढवळतो, उथळ जागी तळाची वाळू उठवतो आणि खाली उतरलेल्याला हातभर अंतरावरचं दिसेनासं होतं. म्हणजे दोन्ही एकाच शिबिरात करायचं तर सकाळी डुबकी आणि दुपारी शीड, असा क्रम असायला हवा. यांनी नेमकं उलट छापलं होतं. त्यातही मेचा शेवटचा आठवडा. तेव्हा लांबून येणाऱ्या लाटा मोठ्या होत जातात आणि महिना सरता सरता कोकणात जलक्रीडा बंद होतात, त्या थेट ऑगस्टअखेरपर्यंत. बाबांना मी फोनवर हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "मिरगाच्या आदी पंदरा दिस दर्या बदलता. ह्या त्यांका म्हायत नाय?"

म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या करायच्या ठरवल्या. शीड आधी, डुबकी नंतर.

अंदमानचा विचार झाला. स्वराज द्वीपचं पाणी मालवणपेक्षा कितीतरी नितळ असतं, पण विमानाचं भाडं धरून आमच्या आवाक्याबाहेर गेलं. गोव्यातही चौकशी केली. शेवटी मुंबई ठरली, कारण भाऊ चेंबूरला राहतो, त्याचा सोळा वर्षांचा मुलगाही तयार झाला आणि राहायचा खर्च वाचला.

मुंबईतल्या त्या क्लबने पाठवलेलं वेळापत्रक मी अजून जपून ठेवलंय. सोमवार दुपारी १.१५, मंगळवार २.००, बुधवार २.५०. रोज वेगळी वेळ. मी फोन करून विचारलं, रोज एकच वेळ का नाही? तिथल्या प्रशिक्षक बाईंनी सांगितलं की भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आणि मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. ओहोटी लागली की धक्क्यापाशी चिखल उघडा पडतो, छोट्या होड्या पाण्यात उतरवता येत नाहीत आणि बाहेर असलेल्या होड्या ओढीबरोबर लांब जायला लागतात. हे ऐकलं आणि मी पैसे भरले. शिबिर निवडताना हल्ली मी सगळ्यांना पहिली गोष्ट हीच विचारायला सांगते: रोजची वेळ कशावरून ठरवता?

आणखी काही प्रश्न होते, जे मुलीच्या आईला विचारावेच लागतात आणि विचारताना अवघडायला होतं. कपडे बदलायला बंद होणारी, कडी असलेली खोली आहे का. पाण्यावर किमान एक बाई असेल का. पाळी आली तर त्या दिवशी काय. मदतनीस मुलांची पोलीस पडताळणी झालीय का. बाईंनी एकाही प्रश्नाला "अहो, तसं काही नसतं" असं उत्तर दिलं नाही. सगळं सांगितलं, आणि पाळीचं म्हणाल्या, "तिला मला थेट सांगू दे, तुम्ही मध्ये नको." ते मला फार आवडलं.

मे २०२४ मधले ते सहा दिवस. नऊ मुलं, दोन प्रशिक्षक, आणि इंजिनाची एक बचावबोट, जी मुलं पाण्यात असेपर्यंत किनाऱ्याला लागायची नाही. लेक ऑप्टिमिस्टमध्ये होती. ही २.३ मीटरची, पुढून चपटी, पेटीसारखी दिसणारी होडी. १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने लहान मुलांसाठी ती आखली आणि आजही जगभर पंधरा वर्षांपर्यंतची मुलं तिच्यातच शिकतात. भाचा मोठा आणि दणकट, त्याला आयएलसीए मिळाली.

पहिल्या दिवशी शीड उभारलंच नाही. कपडे आणि जॅकेटसकट ५० मीटर पोहून दाखवायचं होतं. मग रिकामी होडी मुद्दाम उलटी करायची, तिच्याखालून बाहेर यायचं, तळातून बाहेर आलेल्या फळीवर म्हणजे डॅगरबोर्डवर उभं राहून अंगाच्या वजनाने ती सरळ करायची आणि आत चढून डब्याने पाणी उपसायचं. लेकीने हे चार वेळा केलं. मी धक्क्यावर उभी होते. पहिल्यांदा होडी पालथी झाली आणि तिचं डोकं दिसेना, तेव्हा मी मोजत होते. सातपर्यंत मोजलं. मग ते लाल जॅकेट वर आलं.

त्या आठवड्यात घरी रोज नवे शब्द यायचे. टॅक, जाइब, टिलर. शीट म्हणजे शीड नव्हे, शिडाची दोरी, यावरून बाबांशी फोनवर वाद. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही, दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडून नागमोडी जावं लागतं, हे तिने जेवणाच्या टेबलावर चमचा आणि मीठदाणी घेऊन मामीला समजावलं. बाबा फोनवर म्हणाले, "आमचे गाबीत तांडेल ह्याच करीत, इंजिना येवच्या आदी." तिला ते खरं वाटेना. मग बाबांनी शिडाच्या मचव्यातून गोव्याहून कौलं यायची त्याच्या गोष्टी सांगितल्या. मी त्या कधी ऐकल्याच नव्हत्या. मुलगी म्हणून कुणी मला सांगितल्या नव्हत्या की मी विचारलं नव्हतं, कोण जाणे.

आता डुबकीकडे येते, कारण खरी परीक्षा तिथे झाली.

मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना जे करवतात त्यात दहा-पंधरा मिनिटं एक डायव्हर तुमची टाकी मागून धरून तुम्हाला खाली फिरवतो. नीट करणाऱ्याकडे केलं तर छान अनुभव आहे, पण त्यात तुम्ही काही शिकत नाही. लेकीला शिकायचं होतं. पॅडी या स्कूबा शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांप्रमाणे दहा वर्षांपासून ज्युनिअर ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स करता येतो. तो पुरा व्हायच्या आधी २०० मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं फारसे हातपाय न मारता नुसतं तरंगणं जमायला हवं. कोर्समध्ये आधी तलावात सराव, मग समुद्रात चार डुबक्या. कोर्स पुरा झाल्याचं कार्ड मिळालं तरी बारा ते चौदा वर्षांच्या मुलांनी कार्ड असलेल्या मोठ्या माणसाबरोबरच उतरायचं, १८ मीटरच्या खाली नाही. हे मुलांना आधीच सांगावं, नाहीतर कार्ड हातात आलं की मित्रांबरोबर निघतात.

मी एप्रिलमध्येच मालवण परिसरातल्या एका केंद्रात फोन केला होता. तिकडच्या दादांनी मला किंमत सांगायच्या आधी मलाच प्रश्न विचारले. वय किती? पोहते कुठे, तलावात की उघड्या पाण्यात? दमा? कानाचं ऑपरेशन? फिट्स? विमानाने येणार की गाडीने? (डुबक्यांनंतर १८ तास तरी विमानात बसायचं नसतं, म्हणून.) मी म्हटलं, मेमध्ये सुट्टी आहे, तेव्हाच आणते. माझी बोली त्यांना कळली असावी, कारण ते एकदम मालवणीत म्हणाले, "मे म्हयन्यात कित्याक? डिसेंबरात हाडा तिका. तोपर्यंत दोनशे मीटर पव्हाक शिकवा."

शाळेची सुट्टी मेमध्ये, त्यांचा धंदा मेमध्ये, आणि हा माणूस गिऱ्हाइकाला डिसेंबरात या म्हणत होता. मी तिथेच ठरवलं.

मध्ये सहा महिने लेक पुण्यात रोज संध्याकाळी पोहत राहिली. २०० मीटर ऑगस्टमध्येच जमलं. तरंगणं जमेना. दोन मिनिटांत पाय खाली जायचे आणि ती भिंत धरायची. समुद्रात भिंत नसते, हे तिला मीच सारखं ऐकवत होते, स्वतः एकदाही पाण्यात न उतरता. ऑक्टोबरात एका दिवशी तिने दहा मिनिटं पूर्ण केली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आई, श्वास रोखून धरायचा नाही, शांतपणे घेत-सोडत राहायचा असतो. मग जमतं."

भाच्याचं मात्र बिनसलं. केंद्राकडून वैद्यकीय प्रश्नावली आली. ठरावीक प्रश्नांना "हो" असेल तर डॉक्टरांची सही लागते. भाच्याला लहानपणी दमा होता, नवव्या वर्षापर्यंत इनहेलर चालू होता. भाऊ म्हणाला, "आता कुठे आहे त्याला? नाही लिहून टाक." मी त्याला समजावलं की १० मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. म्हणूनच तिथे पहिला नियम असतो, श्वास कधीच रोखायचा नाही. पण दम्याने श्वासनलिका आवळली असेल तर हवा फुफ्फुसात अडकते, पोराने श्वास रोखला नसला तरी. भाऊ ऐकेना. आमचं फोनवर भांडण झालं. शेवटी वहिनीनेच फॉर्मवर "हो" लिहिलं आणि त्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी धावायला लावून आधी-नंतर फुंकर मारायची तपासणी केली आणि सही द्यायला नकार दिला.

भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आत्यामुळे झालं असं त्याला वाटत होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. सोळाव्या वर्षी शरीराने नाही म्हणणं सोपं नसतं. तो हल्ली दर रविवारी क्लबमध्ये जातो, होड्या धुतो आणि त्या बदल्यात त्याला पाण्यावर दोन तास मिळतात. नौदलातले दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, हे त्यानेच मला सांगितलं.

डिसेंबर २०२४. पुणे-मालवण एसटीने आम्ही पहाटे उतरलो. २८,००० रुपये भरले होते. चारच मुलं. नियमाने एका प्रशिक्षकामागे आठापर्यंत चालतात, पण दादा चारच घेतात आणि बरोबर एक मदतनीस असतो. बोटीवर ऑक्सिजनचा किट मी विचारायच्या आधी त्यांनी उघडून दाखवला. दोन दिवस तलावात गेले: मास्कमध्ये पाणी भरून घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं, तोंडातला, श्वास घ्यायचा रेग्युलेटर सोडून द्यायचा आणि हात मागे फिरवून परत शोधायचा, जोडीदाराची हवा संपली अशी खूण आली की आपली जादाची नळी त्याला द्यायची. तिसऱ्या दिवशी समुद्र. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूच्या खडकांत दोन डुबक्या झाल्या. पाच-सहा मीटरपर्यंत दिसत होतं म्हणे. संध्याकाळी आचऱ्याला जाऊन तिने आजोबांना सांगितलं की खडकाच्या कपारीत गोबरा मासा बघितला, जिवंत, तोंड उघडं ठेवून बसलेला.

आजोबांनी आयुष्यभर गोबरा बाजारात नाहीतर ताटात बघितलेला. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "केवढो होतो गो?"

चौथ्या दिवशी पहाटे लेकीचं नाक चोंदलं होतं. साधी सर्दी. माझ्या पर्समध्ये गोळी होती. मनात आलं, आत्ता दिली तर नऊपर्यंत नाक मोकळं होईल, दोनच डुबक्या राहिल्यात, दादांना सांगायलाच नको. ज्या बाईने भावाशी फॉर्मवरून भांडण केलं, तिच्याच मनात हे आलं. गोळी मी हातात घेतलीही होती. लेक म्हणाली, "आई, दादांना विचारू."

दादांनी तिला किनाऱ्यावर बसवून नाक दाबून कान मोकळे करायला सांगितलं. डावा सुटला, उजवा सुटेना. त्यांनी पुन्हा करू दिलं नाही. मला म्हणाले, गोळी घेऊन कान उघडतात, खालीही जाता येतं, पण तिचा असर तळाशी असतानाच उतरला तर वर येताना आत कोंडलेल्या हवेला वाट मिळत नाही. तेव्हा पोर दुखतं म्हणून वर येऊ शकत नाही आणि हवा संपत असते म्हणून खाली थांबू शकत नाही. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आज नाय."

ती रडली. बाकीची तिघं बोटीत चढली, ती वाळूत बसून राहिली. दादांनी बोट सुटायच्या आधी येऊन तिच्या पूर्ण झालेल्या भागांच्या कागदावर सही केली. तो कागद बारा महिने चालतो, उरलेल्या दोन डुबक्या त्या काळात कधीही पुऱ्या करता येतात. त्याचे वेगळे पैसे घेणार नाही म्हणाले.

आता फेब्रुवारीत शाळेला जोडून सुट्टी आहे. मी परवा दादांना फोन केला. येऊ का, म्हटलं. ते म्हणाले, "पाणी बघून सांगतंय." अजून त्यांचा फोन आलेला नाही. लेकीच्या लॉगबुकात, म्हणजे डुबक्यांच्या नोंदवहीत, दोन ओळी भरल्यात. तिसऱ्या ओळीत तिने पेन्सिलीने ठिकाण लिहून ठेवलंय, तारखेची जागा मोकळी सोडलीय.